काटे हलायला हवेत: मीटरवाल्या जुन्या ॲम्प्लिफायरच्या खरेदीचं एक प्रकरण

मित्राची मागणी साधी होती. जुना स्टीरिओ ॲम्प्लिफायर हवा, दर्शनी पट्टीवर दोन मीटर हवेत, त्यांत खरेखुरे काटे हवेत आणि गाणं लागलं की ते हलायला हवेत. वॅट किती, कंपनी कोणती, साल कुठलं, याबद्दल त्याचा हट्ट नव्हता. बजेट मात्र ठरलेलं होतं: आज बाजारात मिळणाऱ्या साध्यातल्या साध्या नव्या इंटिग्रेटेड (प्रीॲम्प्लिफायर आणि पॉवर ॲम्प्लिफायर एकाच डब्यात असलेल्या) ॲम्प्लिफायरला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यातच सगळं बसवायचं. त्यात एक अट मी घातली. या रकमेतला चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला काढायचा आणि सेट बघताना तो हिस्सा आपल्याकडे नाहीच असं समजायचं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं वापरलेल्या वस्तूवर विकत घेतल्यानंतर खर्च होणारच. तो आधी धरला नाही तर स्वस्तात मिळालेला सेट शेवटी महागात जातो.

शेवटी असं झालं की ज्या सेटचे काटे सगळ्यांत झोकात नाचत होते तो आम्ही सोडला, आणि ज्याचा डावा काटा उघड उघड मागे पडत होता तो घेतला. ते का, हे नीट सांगायचं तर आधी मित्राच्या खोलीपासून सुरुवात करावी लागेल.

गरज किती वॅटची?

त्याच्याकडे शेल्फवर ठेवायचे टू-वे स्पीकर आहेत. मागच्या पट्टीवर ६ ओहम आणि सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल असं छापलंय. म्हणजे स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल आवाज. खोली मध्यम आकाराची, बसायची जागा स्पीकरपासून अडीच मीटरवर. मोकळ्या मैदानात अडीच मीटरवर साधारण ८ डेसिबल कमी होतात. पण स्पीकर दोन आहेत, त्याचे ३ डेसिबल परत मिळतात, आणि भिंतींवरून परतणारा आवाज थोडी भर घालतो. म्हणजे प्रत्येक स्पीकरला वॅट-सव्वा वॅट मिळाला तरी बसल्या जागी ८३-८४ डेसिबल येतात. एवढ्या आवाजात शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागतो. घरात रोज ऐकताना सरासरी पातळी ७०-७५ डेसिबलच्या आसपास असते, त्याला एक दशांश वॅट पुरतो.

हे गणित ऐकून मित्राचा चेहरा उतरला. त्याच्या डोक्यात शंभर वॅटचा आकडा होता. अर्थात संगीत सरासरीवर चालत नाही. तबल्याची थाप, ड्रमचा ठोका, पियानोवरचा जोराचा आघात सरासरीच्या वर १० ते १५ डेसिबल सहज जातो, चांगल्या ध्वनिमुद्रणात २० सुद्धा. १० डेसिबल म्हणजे दहापट वॅट, २० म्हणजे शंभरपट. म्हणून एक दशांश वॅटच्या सरासरीला दहा वॅटची तयारी लागते, आणि कधी मोठ्याने ऐकायचं झालं तर तीस-चाळीस. त्यापुढचा आकडा या खोलीत बढाईसाठी. ४५ वॅट आणि ६० वॅट यांतला फरक जेमतेम सव्वा डेसिबलचा. तो कानाला मुद्दाम शोधावा लागतो.

वॅटचा आकडा वाचताना साल बघावं. १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम आणला. त्यानुसार जाहिरातीत वॅट सांगायचे तर दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालवून, सलग मिळणारी सरासरी शक्ती, किती ओहमवर, कुठल्या फ्रीक्वेन्सीपासून कुठपर्यंत आणि किती डिस्टॉर्शनसह, हे सगळं सांगणं बंधनकारक झालं. शिवाय मोजण्याआधी सेट तासभर एक तृतीयांश शक्तीवर तापवायचा. नेमक्या याच पट्ट्यात क्लास एबी, म्हणजे घरगुती सेटांत सर्रास असणाऱ्या पद्धतीचा, ॲम्प्लिफायर खूप उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे कंपन्यांना हीटसिंकमध्ये (ती उष्णता बाहेर काढणाऱ्या धातूच्या भागात) काटकसर करता येईना. त्याआधीच्या पत्रकांत ‘म्युझिक पॉवर’, ‘पीक पॉवर’ असले फुगवलेले आकडे सर्रास असत. म्हणून १९७४ नंतरच्या पत्रकातले ४५ वॅट हे खरेच ४५ वॅट धरायला हरकत नाही. आजच्या कितीतरी छोट्या डब्यांवर छापलेल्या ‘३०० वॅट’पेक्षा ते जास्त भरवशाचे.

त्यानंतरची चार-पाच वर्षं जपानी कंपन्यांची वॅटची शर्यत चालली. पायोनिअरच्या १९७८ च्या एसएक्स-१९८० रिसीव्हरने दर चॅनेलला २७० वॅट जाहीर केले. काटेवाल्या मीटरांचाही हा बहराचा काळ. यामाहाचे सीए-१०१० आणि सीए-२०१०, केनवुडचा केए-९१०० ही त्यातली देखणी उदाहरणं. त्याहीआधी, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, मॅकिंटॉश या अमेरिकी ऑडिओ कंपनीने निळ्या प्रकाशातले मीटर आणले होते, आणि आजही ते त्या कंपनीची खूण आहेत. मित्राला खरं म्हणजे तेच हवे होते. ते बजेटमध्ये येत नाहीत हे सांगायला फार वेळ लागला नाही.

दुसरीकडे, ज्यांच्या आवाजाची आजही तारीफ होते अशा अनेक सेटांना मीटरच नाहीत. सान्सुईचा एयू-७१७ घ्या. दर्शनी पट्टी काळी, नॉब आणि खटके भरपूर, काटा एकही नाही. नॅडच्या ३०२० या २० वॅटच्या छोट्या, गाजलेल्या सेटवर शक्ती दाखवायला एलईडी दिव्यांची एक ओळ होती. “दिवे नकोत, काटेच हवेत,” मित्र म्हणाला. १९८० च्या सुमारास आलेल्या निळसर फ्लुरोसंट पट्ट्यांनाही त्याने तेवढ्याच तत्परतेने नकार दिला.

मीटर खरोखर काय मोजतो

या मीटरवर वॅट छापलेले असतात, पण तो वॅट मोजत नाही. स्पीकरच्या टर्मिनलवरचे व्होल्ट मोजतो. पट्टीवरचे आकडे स्पीकर ८ ओहमचाच आहे असं गृहीत धरून लिहिलेले असतात: २.८३ व्होल्ट दिसले की १ वॅट, ८.९४ ला १० वॅट, २० ला ५० वॅट, २८.३ ला १०० वॅट. टर्मिनलला स्पीकर जोडलेलाच नसला तरी काटा तितकाच वर जातो, प्रत्यक्षात एक वॅटसुद्धा कुठे जात नसताना. ४ ओहमचा स्पीकर असेल तर खरे वॅट दाखवलेल्याच्या दुप्पट. मित्राच्या ६ ओहमला सुमारे एक तृतीयांशाने जास्त. आणि ६ ओहम हाही नाममात्र आकडा, कारण कुठल्याही स्पीकरचा विरोध सुरागणिक बदलत राहतो.

बोलताना सगळे याला व्हीयू मीटर म्हणतात. मूळ व्हीयू मीटर अमेरिकेत १९३९ मध्ये रेडिओ आणि टेलिफोनवाल्यांनी मिळून ठरवलेला. त्याच्या काट्याला योग्य जागी पोचायला साधारण ३०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे तो मुद्दामच सुस्त ठेवलेला. घरगुती ॲम्प्लिफायरमधले काही मीटर तसेच सुस्त असतात, तर काहींमागे झटकन चढून सावकाश उतरणारं पीक सर्किट असतं. सुस्त मीटरवर काटा अर्ध्यात दिसत असताना ॲम्प्लिफायर क्लिप होत, म्हणजे क्षमता संपून आवाजाचे शेंडे कापत, असू शकतो. काटा लाल पट्ट्यात गेला नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजणाऱ्यांचे ट्विटर (वरच्या सुरांचे छोटे स्पीकर) जळतात.

खरेदीच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मात्र पट्टीच्या मांडणीची. एक दशांश वॅटवर ऐकणाऱ्या माणसाने ० ते १०० वॅट अशी जवळपास समान अंतराची पट्टी असलेला सेट घेतला, तर काटा जागचा हलणार नाही आणि त्याचा सगळा हौसेचा खर्च वाया जाईल. पट्टी लॉगरिदमिक हवी: ०.०१, ०.१, १, १०, १०० असे टप्पे जवळपास सारख्या अंतरावर. किंवा मग रेंजचा खटका हवा, जो दाबला की पट्टी दहा पटीने खाली येते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तोशिबाच्या टीए७३१८ सारख्या आयसी मिळू लागल्या, दोन्ही चॅनेलचं लॉग रूपांतर एकाच चिपमध्ये करणाऱ्या. त्यामुळे मधल्या किमतीच्या सेटांतही अशा पट्ट्या दिसतात. फोटो बघताना मी मित्राला एवढंच सांगून ठेवलं होतं की पट्टीच्या मध्यावर काय लिहिलंय ते बघ. मध्यावर १ किंवा त्याहून कमी असेल तर पुढे बोलू.

आणखी एक पर्याय मी मांडला. बिनमीटरचा चांगला सेट घ्यायचा आणि स्पीकरच्या टर्मिनलला समांतर जोडायचा मीटरचा वेगळा डबा घ्यायचा. पैशाच्या हिशेबाने हा सगळ्यांत शहाणा मार्ग. यात एकच जपावं लागतं: काही ॲम्प्लिफायरांत, विशेषतः ब्रिज जोडणीच्या, स्पीकरची उणे तार जमिनीला जोडलेली नसते. दोन्ही चॅनेलची उणे बाजू एकत्र करणारा डबा तिथे लावला तर आउटपुट स्टेज उडते. मित्राने शांतपणे ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. मीटर सेटच्या अंगावरच हवेत. हौसेच्या बाबतीत असा नकार मला मान्य आहे.

समोर आलेले सेट

पहिला होता ४५ वॅटचा रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आत असलेला. लाकडी कव्हर, जाड ॲल्युमिनियमचे नॉब, पिवळसर उजेडातले दोन मीटर. विकणारा माणूस नीटनेटका, सेट पुसून-पासून लख्ख. त्याने गाणं लावलं, आवाज अगदी बेताचा, आणि दोन्ही काटे पट्टीच्या मध्यापलीकडे जाऊन झुलायला लागले. मित्र तिथेच विरघळला.

दुसरा साठेक वॅटचा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर. बरीच वर्षं कपाटात पडून होता. विकणारे काका निवृत्त, सेट त्यांनी स्वतः नवा घेतलेला. डाव्या मीटरमागचा बल्ब गेलेला, आवाजाचा नॉब फिरवला की खरखर, आणि डावा काटा उजव्याच्या मागे. “मीटर गेलाय हो त्याचा, बाकी सेटला काही झालेलं नाही,” काका म्हणाले. किंमत त्यामुळेच कमी होती. पट्टी लॉगरिदमिक, मध्यावर १.

तिसरा नुसता पॉवर ॲम्प्लिफायर, शंभर वॅटचा, दोघांनी उचलावा असा. मीटर सगळ्यांत मोठे, रेंजच्या खटक्यासह. नुसते मीटर विकत मिळत असते तर मी तेच घेतले असते. पण याला प्रीॲम्प्लिफायर वेगळा लागणार, त्यात फोनो स्टेज (रेकॉर्डच्या सुईकडून येणारा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) लागणार, कारण मित्राकडे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा टर्नटेबल आहे. मागच्या पट्टीवर फक्त १०० व्होल्ट लिहिलेलं, निवडायचा खटका नाही, म्हणजे जपानच्या अंतर्गत बाजारातला सेट. घरचा वीजपुरवठा त्याहून जास्त असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वेगळा घ्यावा लागणार. त्यात एका चॅनेलच्या टर्मिनलवर, जिथे डीसी शून्याजवळ हवा, तिथे १४० मिलिव्होल्ट डीसी, तेही स्थिर नाही. स्पीकर जोडणारा आतला आपोआप चालणारा खटका, म्हणजे रिले, कधी लागे, कधी लागून सुटे. बजेटने आणि मल्टिमीटरने एकदमच नाही म्हटलं.

तपासणी

अशा खरेदीला जाताना लागणाऱ्या गोष्टी थोड्या: मल्टिमीटर, जळाले तरी दुःख नाही असे दोन छोटे स्पीकर, फोनमध्ये साठवलेले साइन टोन, जोडणीच्या तारा, आणि सिरीजमध्ये जोडायचा साधा फिलामेंटचा बल्ब. वर्षानुवर्षं बंद असलेला सेट थेट विजेला कधीच लावू नये. सिरीज बल्ब आधी जोरात पेटून मग मंद झाला तर कपॅसिटर भरले, आत शॉर्ट नाही. तसाच लख्ख जळत राहिला तर प्लग काढायचा आणि किमतीची बोलणी नव्याने करायची. काकांच्या सेटला बल्ब क्षणभर पेटला आणि मावळला.

रिसीव्हरच्या बाबतीत माझ्या मनात पाल चुकचुकली ती काट्यांमुळेच. एवढ्या हळू आवाजात काटे मध्यापलीकडे कसे? मोनो करून २०० हर्ट्झचा टोन लावला आणि टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजले. २००च का, तर साधा मल्टिमीटर एसी मोजताना ५० ते ४०० हर्ट्झच्या आसपासच भरवशाचा असतो. आवाज वाढवत २.८३ व्होल्टवर आणला. पट्टीवर १ वॅट दिसायला हवा होता. दोन्ही काटे १० वर उभे. मीटरचं कॅलिब्रेशन कुणीतरी मुद्दाम चढवून ठेवलं होतं, ट्रिमर (आतला जुळवणीचा छोटा स्क्रू) फिरवून किंवा एखादा रेझिस्टर बदलून. विकणाऱ्याला विचारलं तर तो मोकळेपणाने म्हणाला, “मेकॅनिकनेच तसं करून दिलं. नाहीतर हलतच नाहीत ना!”

एवढ्यावर सेट नाकारण्याचं कारण नव्हतं, ट्रिमर परत फिरवता येतो. झाकण उघडायची परवानगी मागितली ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. या रिसीव्हरची आउटपुट स्टेज सुट्या ट्रान्झिस्टरांची नव्हती, सान्योच्या एसटीके पद्धतीच्या हायब्रिड मॉड्यूलची होती: दर चॅनेलला एक काळी वीट, सगळं तिच्या आत. मॉड्यूल वाईट असतात असं मुळीच नाही, चाळीस वर्षं न कुरकुरता चाललेले कितीतरी आहेत. प्रश्न ते उडाल्यानंतरचा आहे. जुन्या क्रमांकांचं उत्पादन बंद झालंय आणि बाजारात त्याच क्रमांकाचे बनावट तुकडे भरपूर फिरतात. बाहेरून छपाई तशीच, आत चिप लहान; जरा आवाज चढवला की खलास. सुटा ट्रान्झिस्टर गेला तर त्याच्या जागी आजही बनणारा, तोडीचा दुसरा बसवता येतो. विटेला पर्याय नाही.

आत पाहिलं तर डाव्या मॉड्यूलवरची अक्षरं उजव्यापेक्षा वेगळ्या वळणाची, आणि त्याच्याच कडेला थर्मल पेस्ट ताजी, पांढरीशुभ्र. उजवीकडे ती वाळून पिवळी पडलेली. एक मॉड्यूल कधीतरी उडालं आणि बदललं गेलं, हे स्पष्ट होतं. कुठून आणून बदललं ते विकणाऱ्याला माहीत नव्हतं. आवाज त्या क्षणी उत्तम होता. तरीही मी मित्राला घेऊ नको म्हटलं, आणि तो माझ्यावर बराच वेळ रागावला होता.

(मॉड्यूलला लावतो तोच न्याय व्ही-फेट या खास जातीच्या ट्रान्झिस्टरांना लावावा. सोनी आणि यामाहाने सत्तरच्या दशकाच्या मध्यात ते वापरून सुंदर सेट काढले, यामाहाच्या बी-२ ला तर देखणे मीटरही आहेत. पण ते ट्रान्झिस्टर आता कुणी बनवत नाही. स्वस्तात मिळाला तरी तो पहिल्या खरेदीचा सेट नव्हे.)

मागे पडणारा काटा

आता काकांचा सेट. डावा काटा मागे पडतो याची कारणं निदान चार असू शकतात: डावा चॅनेलच कमी देतोय, आवाजाचा किंवा बॅलन्सचा नॉब गंजलाय, मीटरची कॉइल थकलीय, किंवा मीटर चालवणारं छोटं सर्किट बिघडलंय. विकणारा नेहमी मीटरवर ढकलतो, कारण ते ऐकायला निरुपद्रवी वाटतं. चॅनेलच गेलेला असेल तर ती मोठी दुरुस्ती.

पुन्हा मोनो, २०० हर्ट्झ, उजव्या टर्मिनलवर २.८३ व्होल्ट. डाव्यावर २.२. म्हणजे चॅनेलमध्ये फरक आहे. पण घाई केली नाही. दोन्ही नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर वेळा फिरवले. पोटेंशियोमीटरच्या (नॉबमागच्या कमी-जास्त होणाऱ्या रेझिस्टरच्या) पट्टीवर बसलेला थर यानेच अर्धा निघतो. परत मोजलं तर डावीकडे २.७९. आवाजाचा नॉब निम्म्यावर आणि त्याच्याही वर नेऊन, टोन तेवढा कमी करून पाहिलं, दोन्ही बाजू जुळत राहिल्या. म्हणजे चॅनेल शाबूत. अशा जुन्या सेटांची लाइन इनपुट १५० मिलिव्होल्टला पूर्ण शक्ती देण्याच्या हिशेबाने केलेली असते, आणि आजचा सीडी प्लेयर किंवा डॅक (डिजिटल संगीत ॲनालॉग करणारा डबा) २ व्होल्ट देतो. त्यामुळे नॉब सतत तळाशीच राहतो, आणि तळाशी दोन बाजू जुळवण्यात कुठलाही जुना पोटेंशियोमीटर कच्चाच असतो. हा फरक बिघाड समजून लोक चांगले सेट सोडून देतात.

टर्मिनलवर आता दोन्हीकडे जवळपास सारखे व्होल्ट होते, तरी उजवा काटा १ वर आणि डावा ०.३ वर. मग २ किलोहर्ट्झचा टोन लावला. डावा काटा उठला आणि उजव्याशेजारी जाऊन उभा राहिला. परत २०० ला आणलं, परत खाली. हा या सगळ्या तपासणीतला सगळ्यांत आनंदाचा क्षण होता, कारण कॉइल थकली असती तर काटा सगळ्याच सुरांना सारखा मागे राहिला असता. वरच्या सुरांना बरोबर आणि खालच्या सुरांना मागे, हे लक्षण मीटरकडे जाणाऱ्या वाटेतला कपॅसिटर वाळल्याचं. कपॅसिटन्स घटली की खालचे सूर आधी गळतात. गाण्यात सगळ्यांत जास्त व्होल्ट खर्जाचे असतात, म्हणून गाणं लावलं की डावा मीटर मेल्यासारखा दिसत होता.

खात्रीसाठी सेट बंद करून, प्लग काढून, काकांच्या परवानगीने झाकण उघडलं आणि दीड व्होल्टचा सेल १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून आधी एका आणि मग दुसऱ्या मीटरच्या टोकांना लावला. यातून जास्तीत जास्त १५० मायक्रोॲम्पियर जातात, मीटरला धोका नाही. दोन्ही काटे एकाच जागी थांबले. कॉइल जिवंत. तसा मीटर नवा मिळणं जवळपास अशक्य असतं, तर वाळलेल्याच्या जागी नवा कपॅसिटर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चिल्लरीत मिळतो.

बाकीच्या गोष्टी भराभर उरकल्या. टर्मिनलवर डीसी डावीकडे १८ आणि उजवीकडे ३१ मिलिव्होल्ट. पन्नासच्या आत असलं की मी पुढे बघत नाही. रिले काही सेकंदांनी एकदाच खट्‌कन लागला. आउटपुटला सुटे ट्रान्झिस्टर, चारही एकाच छपाईचे, पाय कधी सोल्डर केल्याची खूण नाही. फोनो इनपुटवर रेकॉर्ड लावून ऐकली, दोन्ही बाजू ठीक, किंचित घरघर. मोठ्या फिल्टर कपॅसिटरांच्या बुडाशी त्या काळच्या कारखान्यांत वापरला जाणारा गोंद दिसला, काळपट तपकिरी झालेला. हा गोंद जुना झाला की वीज वाहून नेऊ लागतो आणि शेजारच्या तारा खातो. तो खरवडून काढायचं मनाशी ठरवलं.

मी काकांना खरं काय ते सांगितलं: मीटर गेलेला नाही, कपॅसिटर वाळलाय. किंमत वाढवायची असेल तर वाढवा. ते हसले आणि म्हणाले, “मला तो बदलता येणार आहे का? न्या तुम्ही.”

दुरुस्ती आणि त्यानंतर

घरी आल्यावर मीटरच्या छोट्या बोर्डावरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दोन्ही बाजूंचे बदलले. एक वाळलाय म्हणजे त्याचा जुळा फार मागे नाही. काढलेल्यांतला डावीकडचा मोजला तर छापलेल्या किमतीच्या वीस हिश्शांतला एक हिस्सा जेमतेम उरलेला. नॉब आणि खटके संपर्क साफ करायच्या स्प्रेने धुतले, गोंद खरवडला, मीटरच्या बोर्डावरचे दोन ड्राय सोल्डर (सुटत आलेले जोड) पुन्हा केले. आउटपुटचा बायस (गाणं नसतानाही ट्रान्झिस्टरांतून वाहणारा थोडा करंट) सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याच्या जवळच होता, त्याला हात लावला नाही. जुना सेट मिळाला की आतला प्रत्येक कपॅसिटर उपटून नवा बसवायची जी टूम आहे ती मला पटत नाही. चालतं ते मोजावं, बरं असेल तर राहू द्यावं. शंभर ठिकाणी सोल्डरिंग आयर्न टेकवलं की त्यात एखादा नवा बिघाड आपल्याच हाताने घुसतो.

बल्बच्या बाबतीत मात्र वाद झाला. मूळचे फिलामेंटचे, कमी व्होल्टचे बल्ब तापतात आणि त्या उष्णतेने मीटरची प्लास्टिकची खिडकी वर्षानुवर्षं पिवळी पडत जाते. मला एलईडी हवे होते. मित्राला भीती की पांढरा, दवाखान्यातला उजेड पडेल. शेवटी उबदार पिवळ्या छटेचे एलईडी मिळाले. बल्बना ट्रान्सफॉर्मरमधून एसी मिळत होता, म्हणून एलईडीच्या आधी छोटा ब्रिज रेक्टिफायर, कपॅसिटर आणि रेझिस्टर बसवला. नाहीतर उजेड थरथरतो. खिडकी पुसल्यावर उजवा काटा मध्येच अडकायला लागला. हे घासल्याने प्लास्टिकवर बसलेल्या स्थिर विजेचं काम. साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं खिडकीवरून फिरवलं आणि न घासता वाळू दिलं, की काटा सुटतो.

शेवटी कॅलिब्रेशन. मोनो, टर्मिनलवर ८.९४ व्होल्ट, दोन्ही ट्रिमर फिरवून काटे १० वर. मग २.८३ ला दोन्ही १ वर येतात का ते पाहिलं. डावा रेघभर वर, तो तसाच ठेवला.

मित्राने पहिल्या संध्याकाळी विचारलं ते अपेक्षितच होतं. काटे ०.०३ आणि ०.३ यांच्यामध्येच खेळत होते आणि त्याला त्या रिसीव्हरच्या काट्यांची आठवण येत होती. “थोडे चढवून देतोस का?” मी म्हटलं, सेट तुझा आहे, ट्रिमर कुठे आहेत ते दाखवून ठेवतो. पण आधी काही दिवस खऱ्या आकड्यांवर ऐक. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. आता तो नवी रेकॉर्ड आली की काटे किती वर जातात ते बघतो, आणि कुठल्या ध्वनिमुद्रणात चढउतार शिल्लक आहेत आणि कुठलं सगळं एका पातळीवर दाबून टाकलेलं आहे, हे काट्यांच्या हालचालीवरून सांगतो. दाबलेल्या ध्वनिमुद्रणात काटे एकाच जागी चिकटल्यासारखे थरथरत राहतात. मोकळ्यात खाली पडतात आणि उसळतात.

बाजूला काढलेल्या चौथ्या हिश्शातला निम्मा खर्च झाला. उरलेल्यातून टर्नटेबलला नवी स्टायलस, म्हणजे सुई, आली. फोनोमधली घरघर अजून पूर्ण गेलेली नाही; टर्नटेबलची अर्थची तार दुसऱ्या स्क्रूला लावून पाहिल्यावर ती कमी झाली, त्यामुळे पुढचा शोध तिथूनच सुरू करायचा आहे. रिलेचे संपर्कही कधीतरी काळे पडतील आणि एखादा चॅनेल हळू आवाजात गप्प बसेल. त्या दिवशी दोन्ही काटे सारखेच हलत राहतील, कारण या सेटमध्ये मीटरची तार रिलेच्या आधीच निघते. हे मी मित्राला आत्ताच सांगून ठेवलंय.